ना घड्याळजीचे, ना रेडिओवाल्याचे

भाऊबीजेच्या सकाळी स्नान-पूजा आटोपली की आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कपाटाच्या वरच्या खणातून एक घड्याळ काढीत, त्याचे काटे फिरवून बरोबर साडेदहावर आणून ठेवीत आणि ते मनगटावर बांधून ओसरीवर येऊन बसत. साडेदहा एवढ्याचसाठी, की आमच्याकडे ओवाळणी साधारण त्याच सुमारास होई. घड्याळ बंद होते. १९७९ सालापासून, अण्णा गेले त्या २००४ सालापर्यंत ते बंदच होते. एरवी वर्षभर अण्णांच्या हाताला एचएमटीचे साधे चावीचे घड्याळ असे. हा एक दिवस मात्र त्या बंद घड्याळाचा. ते मामाने दिलेले होते, आणि भाऊबीजेला मामा येत असे.

आता माझीच साठी जवळ आली. अशा वेळी माणसाला आपल्या कुळाचा शोध घ्यावासा वाटतो म्हणतात. मला त्या घड्याळाच्या कुळाचा घ्यावासा वाटला. हकीकत एका घरातल्या एका घड्याळाची आहे खरी, पण ते का बंद पडले याचे उत्तर नाशिकच्या मेन रोडवर जेवढे सापडले तेवढेच अमेरिकेत, फ्रान्सात आणि जपानातही सापडले. म्हणून वाचकांना थोडे दूरवर फिरवून आणणार आहे.

मामा हा आईचा धाकटा भाऊ, व्यापारी जहाजावर इंजिनिअर. १९७४ च्या दिवाळीत तो जपानहून आला तो दाजींसाठी सिटिझन कंपनीचे 'कॉस्मोट्रॉन' घेऊनच. आम्ही तेव्हा तिवंध्याजवळच्या एका वाड्यात बिऱ्हाडाने राहत होतो. वाड्यातली झाडून सगळी मंडळी ते पाहायला आली. चावी द्यावी लागत नाही, हे नवल तसे पूर्ण नवे नव्हते; हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारी घड्याळे सधन घरांतून दिसत. पण हे घड्याळ टेबलावर महिनाभर पडून राहिले तरी चालते, त्याच्या पोटात विजेचा सेल आहे आणि तो वर्षभर पुरतो, हे ऐकल्यावर वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी ते कानाला लावून पाहिले आणि, "अहो, हे तर टिकटिकतंय!" असे निराशेने म्हणाले. विजेचे घड्याळ मुकाट्याने चालेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आजोबांचे हे एक वाक्य त्या घड्याळाचे सारे मर्म सांगणारे होते, हे कळायला मला पुढे पन्नास वर्षे लागली.

सिटिझन हे नाव तेव्हाच्या नाशिककरांना परके नव्हते. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगलोरला उभी राहिली आणि १९६१ साली तिने घड्याळांचा कारखाना काढला तो याच जपानी कंपनीच्या सहकार्याने. परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. चोरटा माल यायचा तो वेगळा. सरळमार्गी माणसाच्या मनगटावर एचएमटीच असायची, आणि तिच्यातले चावीचे यंत्र सिटिझनच्या वळणाचे असल्याने आमच्या मेन रोडवरचे घड्याळजी ते डोळे मिटून खोलीत. एक गंमत जाता जाता सांगतो. १९२४ साली जपानात निघालेल्या खिशातल्या घड्याळाला 'सिटिझन' म्हणजे 'नागरिक' हे नाव टोकियोचे महापौर राहिलेल्या गोतो शिंपेई यांनी सुचवले होते, सामान्य नागरिकाला परवडावे या इच्छेने. आपल्याकडे एचएमटीने तिच्या लोकप्रिय घड्याळाला नाव दिले 'जनता'. गुरूचा गुण शिष्याने उचलावा तो असा!

आता थोडे मागे जाऊ. मनगटी घड्याळाचे हृदय म्हणजे त्यातले तोलचक्र. घड्याळजी त्याला नुसते 'बॅलन्स' म्हणतात. केसासारख्या बारीक कमानीच्या आधाराने हे चक्र एकदा इकडे, एकदा तिकडे असे झोके घेत राहते. वाड्यातल्या कड्यांच्या झोपाळ्यासारखेच हे. झोपाळा आपल्या गतीने हलतो, पण दर झोक्याला कोणी तरी अंगठ्याने भुई रेटावी लागते, नाही तर तो हळूहळू थांबतो. चावीच्या घड्याळात हा रेटा मोठ्या कमानीतून येतो. कमान चाकांना ढकलते, एक चाक दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला, आणि शेवटी एक इवलीशी तरफ तोलचक्राला टिचकी मारते. चारशे-पाचशे वर्षांच्या घड्याळविद्येची सारी अक्कल या टिचकीत साठलेली आहे.

कमान काढून टाकावी आणि टिचकी विजेने मारावी, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर बटणाएवढे सेल निघू लागले तेव्हा अनेकांच्या मनात आली. १९ मार्च १९५२ रोजी अमेरिकेच्या एल्जिन आणि फ्रान्सच्या लिप या दोन कंपन्यांनी असे घड्याळ जगाला दाखवले. पण दाखवणे वेगळे आणि विकणे वेगळे. बाजारात पहिले घड्याळ आणले ते पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावच्या हॅमिल्टन कंपनीने, ३ जानेवारी १९५७ रोजी. त्यातल्या 'व्हेंचुरा' नावाच्या घड्याळाची पेटी गोल नव्हे, चौकोनी नव्हे, ढालीसारखी एकीकडे निमुळती होती. रिचर्ड आर्बिब या कलावंताने ती आखली होती आणि १९६१ च्या 'ब्लू हवाई' चित्रपटात एल्विस प्रेस्लीच्या मनगटावर ती झळकली. रूप असे देखणे, पण गुणांच्या बाबतीत रड! तोलचक्रावर तारेचे वेटोळे होते, खाली पक्के लोहचुंबक होते, आणि दर झोक्याला वीज चालू-बंद करण्यासाठी सुईहून नाजूक अशा तारा एकमेकींना शिवत असत. त्या तारा वाकत, झिजत, ठिणगीने काळ्या पडत. कंपनीने घाई केली होती. घड्याळे परत येऊ लागली आणि गावोगावच्या घड्याळजींना तर त्या तारा नीट बसवता येईनात. १९६१ मध्ये सुधारलेले यंत्र निघाले, पण गेलेले नाव पुरते परत आले नाही. १९६९ मध्ये हॅमिल्टनने हा उद्योगच थांबवला. लिपने १९५८ मध्ये आपले घड्याळ बाजारात आणले तेव्हा ठिणगी मारण्यासाठी त्यात एक डायोड घातला आणि तेवढ्या भांडवलावर घड्याळाचे नाव ठेवले 'इलेक्ट्रॉनिक'. जाहिरातीची कला फ्रेंचांनाही साधते!

खरे इलेक्ट्रॉनिक घड्याळ ट्रान्झिस्टरने आणले. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मलेला हा चिमुकला घड्याळात शिरायला बरीच वर्षे लागली. आता वेटोळे खाली स्थिर आणि चुंबक तोलचक्रावर, अशी अदलाबदल झाली. चक्रावरचे चुंबक वेटोळ्यावरून सरकले की फॅरडेच्या नियमाने वेटोळ्यात क्षणभर अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. त्या विजेने ट्रान्झिस्टर जागा होतो, सेलची वीज दुसऱ्या वेटोळ्यात सोडतो आणि चुंबकाला नेमक्या वेळी रेटा बसतो. कोठे तार शिवायला नको, ठिणगी नको. झोपाळ्यावरचे मूल जवळ आल्याची चाहूल लागावी आणि आईने न पाहता हात पुढे करावा, तसे हे. सिटिझनने १९६६ मध्ये 'एक्स-८' या नावाने जपानातले पहिले असे घड्याळ काढले. स्वित्झर्लंडात एबोश कंपनीचे 'डायनोट्रॉन' यंत्र आणि जर्मनीत युंगहान्सचे 'आटो-क्रॉन' लागोपाठ आले. कॉस्मोट्रॉन हे या 'एक्स-८'चेच पुढचे भावंड. म्हणजे वाड्यातले आजोबा बरोबर होते: आत वीज होती, पण झोके घेणारे तेच जुने चक्र होते आणि टिकटिकही तीच होती.

सेल वर्षभर पुरे आणि नाशिकात मिळत नसे. मामा दर भाऊबीजेला ओवाळणीबरोबर एक सेल आणी आणि जेवणानंतर, जहाजाचे इंजिन उघडावे अशा गांभीर्याने, घड्याळाचे झाकण काढून स्वतः बसवी. १९७८ च्या दिवाळीत मात्र तो समुद्रावर होता. जुना सेल आतच राहिला. संपलेला सेल पोटात ठेवणे म्हणजे नासलेले अन्न डब्यात ठेवणे, हे आम्हा कोणाच्या गावी नव्हते. १९७९ च्या उन्हाळ्यात घड्याळ थांबलेले दिसले ते सेल संपल्याने थांबले असे समजून अण्णांनी मुंबईहून येणाऱ्या एका ओळखीच्यांकडून सेल मागवला. तो बसवूनही घड्याळ चालेना.

मग अण्णांची वारी सुरू झाली आणि मी त्यांचे बोट धरून गेलो होतो, म्हणून ती मला चांगली आठवते. मेन रोडवरच्या एका घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून आत पाहिले, आणि "मास्तर, याच्यात कमानच नाही. वायरी आहेत. हे रेडिओवाल्याचं काम," म्हणून परत केले. महात्मा गांधी रोडवर एक रेडिओ दुरुस्त करणारे होते. त्यांनी सोल्डरची इस्त्री बाजूला ठेवून आत पाहिले आणि म्हणाले, "यात चक्र आहे, खडे आहेत. हे घड्याळवाल्याकडे न्या." दोघेही सज्जन होते आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. तिसऱ्या एकाने मात्र घड्याळ ठेवून घेतले, चार दिवसांनी तेलाने माखून परत दिले आणि वर पैसेही घेतले. अण्णांनी घरी येऊन ते कपाटात ठेवले आणि आईला एवढेच सांगितले, "यशवंताला कळवू नकोस. गेल्या वर्षी येता आलं नाही याचंच त्याला वाईट वाटलंय."

या घड्याळांचा इतिहास वाचताना मला वाटू लागले की त्यांतली निम्मी अशीच मेली असावीत: दोन धंद्यांच्या मधल्या बोळात. घड्याळजीचे हात सवयीने जे जे करतात ते ते इथे घातक ठरते. चावीच्या घड्याळात जोर कमानीपासून तोलचक्राकडे वाहतो. इथे उलटी गंगा. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, त्यामुळे हा वाक्प्रचार आम्हाला जरा जपूनच वापरावा लागतो.) इथे चक्र आधी हलते आणि त्याच्या झोक्यावर बाकीची चाके चालतात. चाकांवर जोर जवळजवळ नसतोच. म्हणून चावीच्या घड्याळाला पुरेल तेवढे तेल इथे दिले की चिखलात गाडी रुतावी तसे यंत्र रुतते. पोलादी चिमटा जवळ नेला की चक्रावरचे चुंबक त्याला खेचते आणि बारीक कमान वाकडी होते. पितळेचा चिमटा हवा. हवेतला लोखंडाचा कण अन् कण चुंबकाला जाऊन चिकटतो आणि चक्र अडते. वेटोळे पेट्रोलमध्ये बुडवले की त्यावरचे रोगण सुटण्याची भीती. आणि सर्वांत मोठा घात म्हणजे, घड्याळात चुंबकत्व शिरले की ते काढून टाकण्याचे जे यंत्र प्रत्येक चांगल्या घड्याळजीकडे असते, त्यात हे चक्र धरले की त्याचा प्राणच जातो. आमच्या घड्याळाला नुसते तेलच पाजले गेले, हे नशीबच.

रेडिओवाल्याची तऱ्हा दुसरी. त्याला वेटोळे कळते, पण ते केसाहून बारीक तारेचे. या घड्याळाची सारी भूक काही मायक्रोअँपिअरची, म्हणजे अँपिअरच्या काही दशलक्षांशांची. त्याच्या मीटरच्या मोजणीतलीच वीज कधी कधी त्या ट्रान्झिस्टरला सोसत नाही.

अशी दोन्ही विद्या येणारी पिढी तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागली असती. तेवढी फुरसत मिळाली नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी सायको कंपनीने टोकियोत 'अ‍ॅस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला ठेवले. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे एका लहान मोटारीइतकी. पण महिन्याला पाच सेकंदांहून अधिक फरक नाही अशी हमी. त्यात चक्रच नव्हते. गारेचा एक तुकडा सेकंदाला ८,१९२ वेळा थरथरत होता. किंमत मोटारीवरून उतरता उतरता दशकभरात सामान्यांच्या आवाक्यात आली. ज्या चक्राला वाचवण्यासाठी वीज आणली, त्याची गरजच विजेने संपवली. कॉस्मोट्रॉनसारखी घड्याळे सत्तरीचे दशक सरता सरता बाजारातून गेली. आपल्याकडे १९८७ पासून टायटनची क्वार्ट्झ घड्याळे दुकानांत दिसू लागली, आणि २०१६ साली एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला तेव्हा पुष्कळांच्या घरी जुन्या 'जनता' आणि 'पायलट' शोधल्या गेल्या. चावीची घड्याळे पुन्हा चालू झाली, कारण ती दुरुस्त करणारे हात शिल्लक होते. मधल्या पिढीसाठी कोण होते?

एक होते. अण्णांच्या मागे कपाट आवरताना मला घड्याळाबरोबर चहाच्या पुडीचा एक जुना डबा मिळाला होता. त्यात कागदात गुंडाळलेले सेल होते, मामाने वर्षानुवर्षे आणलेले, एकही न वापरलेला. १९७९ नंतर मामा सेल आणी, अण्णा तो ठेवून घेत आणि "सावकाश बसवतो" म्हणत. तो डबा मी टाकू शकलो नाही, आणि दोन वर्षांपूर्वी घड्याळ घेऊन पुन्हा मेन रोडवर गेलो. एका दुकानातल्या तरुणाने प्रांजळपणे सांगितले, की हे मशीन काढून टाकून आत नवे क्वार्ट्झ बसवून देतो, पाचशे रुपये पडतील, तबकडी तीच राहील. मी घुटमळलेला पाहून त्यानेच एक पत्ता दिला.

ज्यांच्याकडे गेलो ते काका इंदिरानगरात राहतात. मिग विमाने जिथे बांधली गेली त्या ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या आसपास. वडिलांचे घड्याळांचे दुकान होते, त्यामुळे चिमटा लहानपणीच हाती आला. कारखान्यात विजेची उपकरणे हाताळली. म्हणजे अण्णा जे दोन दुकानदार शोधत फिरले ते दोघेही या एका माणसात होते. नोकरीमुळे १९७९ मध्ये ते असली कामे घेत नसत. आणि घेत असते तरी आम्हाला काय माहीत!

काकांनी घड्याळ उघडून पाहिले आणि पहिले वाक्य बोलले ते असे: "सेल पाझरलाय. पण चक्र चांगलं आहे." हिरवट क्षार लाकडाच्या टोकदार काडीने खरवडून काढला. मग मीटर अगदी कमी दाबावर लावून वेटोळे तपासले. वीज पलीकडे जात नव्हती. मला वाटले संपले. नवे वेटोळे कोठून मिळणार? काका मात्र भिंगाखाली तासभर पाहत बसले. तार आतल्या बाजूला तुटली असेल तर वेटोळे गेले; बाहेरच्या टोकाला तुटली असेल तर आशा आहे, आणि क्षार बहुधा बाहेरचेच टोक खातो, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेटोळ्याचा एकच वेढा सोडवला, कुजलेले टोक कापले आणि उरलेल्या टोकाला डाग दिला. ते काम चालू असताना त्यांनी मला पंखा बंद करायला लावला आणि बोलू दिले नाही. चाके धुतली, वाळलेले तेल निघाले. चुंबकावरचे लोखंडाचे कण मऊ चिकट गोळ्याने टिपून घेतले. नवे तेल दिले की नाही हे मला दिसलेसुद्धा नाही, इतके ते थोडे होते.

सेलची मात्र अडचणच असते. त्या काळच्या पुष्कळ घड्याळांना पाऱ्याचे सेल लागत, १.३५ व्होल्टचे, आणि ते संपेपर्यंत दाब ढळू देत नसत. पारा विषारी म्हणून ते बंद झाले. अमेरिकेने तर १९९६ मध्ये कायदाच केला. आजचे चांदीचे सेल १.५५ व्होल्टचे. पाऱ्याच्या बेताने आखलेल्या घड्याळात ते घातले तर चक्र प्रमाणाबाहेर झोके घेऊ लागते आणि घड्याळ पुढे पळते. म्हणून काका नवा सेल लगेच बसवीत नाहीत. आधी बाहेरून, कमी दाबापासून, थोडी थोडी वीज देऊन चक्राची चाल पाहतात. आमचे चक्र त्या दिवशी आधी नुसते थरथरले, मग अर्धा झोका, मग पुरा. काकांनी चहा मागवला. आजमितीस ते घड्याळ दिवसाला वीसेक सेकंद पुढे जाते. "एवढं चालायचंच," असे काकांचे मत, आणि माझेही.

गेल्या भाऊबीजेला मामा डोंबिवलीहून आला. आता त्याचे वय ब्याऐंशी, आईचे पंच्याऐंशी. तिने बसूनच ओवाळले. मी ते घड्याळ घालून बसलो होतो. मामाने माझा हात धरून जवळ ओढला, तबकडी पाहिली, कानाला लावली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"पावणेअकरा," तो शेवटी म्हणाला. "इतकी वर्षं याच्यात कायम साडेदहाच वाजलेले असायचे."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"अरे, मी इंजिनिअर आहे. थांबलेला सेकंदकाटा मला दिसणार नाही?"

"मग दर वर्षी सेल कशाला आणत होतास?"

"दाजी घेत होते म्हणून."

आई तबकातली सुपारी चाचपत होती. तिने वर पाहिले नाही. जेवणे झाल्यावर मामाने दुरुस्तीची सारी हकीकत दोनदा विचारून घेतली, वेटोळ्याच्या टोकाची तर तीनदा, आणि मग जरा संकोचून म्हणाला की त्या वेळी त्याने दोन घड्याळे घेतली होती. त्याचे स्वतःचे १९८० सालापासून कपाटात आहे. सेल आतच आहे की काढला होता, हे त्याला आठवत नाही. येत्या भाऊबीजेला तो ते घेऊन येणार आहे. काकांना मी सांगून ठेवले आहे. त्यांनी पितळेचा नवा चिमटा मागवलाय.